संख्येला नाव द्यावे

विद्युन्मंडल डाक देऊन जोडण्यापूर्वीच ते कसे वागेल हे गणिताने ताडून पाहण्याची सोय संगणकामुळे झाली. अमेरिकेतील बर्कली येथे, कॅलिफोर्निया विद्यापीठात, डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नागेल यांनी रचलेली ‘स्पाइस’ ही आज्ञावली १९७३ साली जगापुढे आली. आज प्रचारात असलेल्या अशा अनेक आज्ञावली तिच्याच वंशातील होत. मंडलातील प्रत्येक घटक कोणत्या बिंदूंमध्ये जोडला आहे व त्याचे मूल्य किती, हे तिला ओळीओळीने सांगावयाचे असते.

एक उदाहरण घेऊ. सॅलेन व की या अभियंत्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या फिल्टरात, म्हणजे कंप्रतांच्या गाळणीत, दोन रोधक, दोन धारित्रे व एक विवर्धक असतो. दोन्ही रोधक सारखे व दोन्ही धारित्रे सारखी घेतली, तर रोध, धारिता व २π यांच्या गुणाकाराने १ ला भागले असता गाळणीची कंप्रता मिळते. धारिता ०·१ मायक्रोफॅराड असून कंप्रता १,००० हर्ट्‌झ हवी असेल, तर प्रत्येक रोध सुमारे १,५९२ ओहम येतो.

आता कंप्रता दुप्पट करावयाची आहे असे समजा. रोध निम्मा, म्हणजे ७९६ ओहम, झाला पाहिजे. घाईत एका रोधकाची संख्या बदलली आणि दुसऱ्याची तशीच राहिली, तर संगणक तक्रार करीत नाही. तो निमूटपणे १,४१४ हर्ट्‌झची गाळणी सोडवितो आणि सुरेख आलेख काढून देतो! चूक शोधण्यास एखादी संध्याकाळ सहज खर्ची पडते.

यावर उपाय बीजगणिताचाच आहे. ‘पॅराम’ या आज्ञेने प्रारंभीच कंप्रता व धारिता यांना नावे द्यावीत, रोध त्यांच्या सूत्राने सांगावा आणि दोन्ही रोधकांपुढे अंकांऐवजी ते नाव लिहावे. काही आज्ञावलींत ते महिरपी कंसात घालतात. अशा नावास प्रचल म्हणतात. मग कंप्रतेची एकच संख्या बदलली की दोन्ही रोधक बरोबरीने बदलतात. शिवाय, सहा महिन्यांनी कागद उघडणाऱ्यास १,५९२ हा आकडा कोठून आला याचा उलगडाही तेथेच होतो. मला हा लाभ अधिक मोलाचा वाटतो.

मात्र नावाने चूक सुधारत नाही. स्पाइसमध्ये अंकापुढील ‘एम्’ हे अक्षर, लहान असो वा मोठे, सहस्रांश दर्शविते. दशलक्षासाठी ‘मेग’ लिहावे लागते. दशलक्ष ओहमांच्या जागी नुसते ‘एम्’ लिहिणाऱ्याचे मूल्य अब्ज पटींनी चुकते, आणि ते प्रचलात चुकले तर जेथे जेथे ते नाव आहे तेथे तेथे चुकते.

आणखी एक अडचण बाजारात भेटते. १,५९२ ओहमांचा रोधक सहसा मिळत नाही, १,६०० चा मिळतो. त्यातही शेकडा ५ ची सूट असली, तर एक नग १,५२० चा व दुसरा १,६८० चा निघू शकतो. एकाच नावाने बांधलेले रोधक मात्र गणितात नेहमी एकत्रच वाढतात व घटतात. म्हणून अशी परीक्षा करताना मूळ मूल्याचे नाव समान ठेवून प्रत्येक रोधकाच्या त्रुटीस स्वतंत्र नाव द्यावे लागते.