‘सीआयडी’ मालिका : वीस वर्षांचा तपास आणि नागरिकशास्त्राचा तास

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, सातवीच्या वर्गात एकदा विचारून बघा, "पोलीस गुन्हेगार कसा शोधतात?" एखादं उत्तर हमखास येईल, "दया दार तोडतो, मग एक थोबाडीत देतो, की तो कबूल करतो!" मुलं हसतील. पण उत्तर गमतीने दिलेलं असतंच असं नाही, म्हणून हा लेख.

‘सीआयडी’ सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. दीड हजारांहून अधिक भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली. मालिका हिंदी, पण तिची मुळं आपल्याकडची. निर्माते बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, पुढे २०१८ मध्ये त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही त्यांची मराठी पोलीस मालिका गाजली होती. तिच्यातले शिवाजी साटम पुढे घराघरात एसीपी प्रद्युम्न झाले. हे साटम मुळात बँकेत नोकरी करणारे, बरं का! (शंभर नंबर आपल्या पिढीला त्या मालिकेने पाठ करून दिला. मुलांना आता ११२ सुद्धा सांगा.) २००४ मध्ये या मंडळींनी १११ मिनिटांचा एक भाग एकही कट न घेता चित्रित केला, त्याची विक्रम म्हणून नोंद झाली.

मालिकेने चांगलंही केलं. ठसे, केस, रक्ताचे डाग काहीतरी सांगतात, हे डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेमुळे लहान मुलांनाही कळलं. आमच्याकडे विज्ञान प्रदर्शनात बोटांच्या ठशांचा प्रयोग दरवर्षी कुणीतरी करतंच. मात्र तिथे अहवाल जाहिरातीच्या आधी मागितला की जाहिरातीनंतर हजर. खऱ्या प्रयोगशाळेत नमुना सीलबंद येतो, त्याची नोंद होते, तो कुणाच्या हातून कुठे गेला हे कागदावर राहतं. ही साखळी तुटली तर उत्तम पुरावाही न्यायालयात लंगडा पडतो.

खरी अडचण त्या थपडेची आहे. आपल्या कायद्यानुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. जुन्या साक्ष कायद्यात हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य धरतात. संविधानाच्या कलम २० प्रमाणे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. कलम २२ प्रमाणे अटकेनंतर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. आणि "अब तो तुम्हें फाँसी होगी" हे एसीपींनी सांगायचं कामच नव्हे. शिक्षा न्यायाधीश देतात.

आणखी एक गोष्ट पुण्याच्या मुलांना मुद्दाम सांगा. महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. राज्यात पोलीस कोठडीत कुणाचा मृत्यू झाला तर त्याचा तपास याच विभागाकडे जातो. मालिकेतल्या सीआयडीची थप्पड आणि खऱ्या सीआयडीचं हे काम शेजारी शेजारी ठेवलं, की मुलं गप्प होतात. तिथे चर्चा सुरू करावी.

सातवीला मूलभूत हक्कांचा धडा आहेच, त्याला जोडून एक तास घेता येईल. एखादा भाग दाखवा आणि कबुलीच्या आधी थांबवा. आतापर्यंत कोणते पुरावे मिळाले, त्यांतले न्यायालयात कोणते टिकतील, संशयिताला वकील कधी मिळायला हवा होता, हे गटांना लिहू द्या. कबुली बाजूला ठेवली तर प्रकरण उभं राहतं का, हा प्रश्न शेवटी विचारा. भाग आधी स्वतः पाहून ठेवा, मृतदेहाची दृश्यं गाळा, आणि पाचवी-सहावीला हा उपक्रम नकोच.