ओळखखूण नसलेल्या पेशी

पातळ केलेलं रक्त फायकॉल या जड द्रवावर सोडायला हात स्थिर लागतो. पिपेटचं टोक नळीच्या भिंतीला टेकवायचं आणि धार अगदी हळू सोडायची. थर मिसळले, की नमुना वाया. मग सेंट्रिफ्यूज, थांबताना ब्रेक बंद, नाहीतर बसलेले थर ढवळतात. नळी बाहेर आली, तेव्हा तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये बोटभरही नाही असा धुरकट पट्टा होता. मला पाहायच्या होत्या त्या पेशी त्या पट्ट्यात होत्या.

रक्तातल्या लिम्फोसाइट्सपैकी साधारण ५ ते १५ टक्के नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी. वेगळ्या करताना त्यांना कोणी हात लावत नाही. बाकीच्या पेशींना चुंबकीय मणी चिकटवून बाजूला ओढतात.

या एनके पेशींसमोर येतात के५६२ पेशी. ल्युकेमियाच्या एका रुग्णापासून वाढवलेला हा वाण १९७०च्या दशकापासून जगभर वापरात आहे, कारण त्यांच्यावर एमएचसी-१ ही ओळखखूण जवळजवळ नसतेच. टी पेशींना चुकवण्यासाठी कर्कपेशी पुष्कळदा हीच खूण टाकून देतात. एनके पेशीला नेमकं ते खटकतं. क्लास कॅरे यांनी स्टॉकहोममध्ये १९८०च्या दशकात मांडलेला हा विचार मला आजही विलक्षण वाटतो: जे दिसत नाही, त्यावरून शत्रू ओळखायचा. अर्थात खूण नसणं पुरत नाही, डिवचणारा संकेतही लागतो. मग एनके पेशीने सोडलेलं परफोरिन समोरच्या पेशीच्या पडद्याला छिद्रं पाडतं आणि मारक ग्रॅन्झाइम आत शिरतं.

३७ अंशांवर चार तास. के५६२ला आधीच हिरवा रंग दिलेला. मेलेली पेशी लाल रंगही शोषते. फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर ठिपके उजवीकडे सरकू लागतात. शेजारी नुसत्या के५६२ची नळी हवीच, कारण काही पेशी आपोआपही मरतात.

हीच मारकशक्ती उपचारातही वापरून पाहिली गेली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींना कर्कपेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) बसवून त्या ११ रुग्णांना दिल्या गेल्या. २०२०मध्ये निष्कर्ष आले: आठांना गुण आला, आणि दात्याच्या पेशी असूनही त्या रुग्णाच्या शरीरावर उलटल्या नाहीत. परक्याच्या टी पेशींबाबत हीच धास्ती असते. म्हणून आधीच तयार करून गोठवून ठेवता येईल अशा औषधाची आशा मला इथे खरी वाटते. घन गाठींमध्ये मात्र टीजीएफ-बीटासारखे रेणू या पेशींना मंद करतात, आणि गोठवून वितळवल्यावरही त्यांची मारकशक्ती घटते. त्यामुळे फ्रीझरमधून काढलेली प्रत्येक खेप पुन्हा के५६२समोर उभी करावी लागते.