आधी वास, मग घास

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की पोखर्णी येतं. नृसिंहाच्या दर्शनासाठी लांबून लोक येतात ते हे गाव. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटरवर. त्यामुळे या भागात प्रवाळ दिसतं ते बहुधा अंगठीत, मंगळासाठी घातलेलं पोवळं म्हणून. खरं लाल पोवळं हा प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा असतो. भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत, वाहत्या पाण्यातले बारीक जीव पकडून खात खात त्या प्राण्यांनी तो रचलेला असतो.

प्रवाळ खातं, हेच अनेकांना नवीन वाटतं. आणि नव्या जागी आणलेलं प्रवाळ खायचं थांबतं, ही तर त्याला सांभाळणाऱ्यांची नेहमीची काळजी.

प्रवाळाच्या एका वसाहतीत शेकडो, हजारो पॉलिप असतात. प्रत्येकाला एकच तोंड, तोंडाभोवती शुंडकांचं कडं आणि शुंडकांवर दंशपेशी. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतं. उन्हात ते साखर तयार करतं आणि त्यातून प्रवाळाची रोजची ऊर्जेची गरज कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत भागते. पण नुसत्या साखरेवर अंग धरत नाही. नायट्रोजन, फॉस्फरस हवा, तर शिकार करावी लागते. म्हणून अंधार पडला की अनेक प्रवाळं शुंडकं पसरून बसतात.

प्रवासाने हा क्रम मोडतो. हलवाहलव, पाण्याच्या तापमानात आणि खारटपणात पडलेला फरक, डोक्यावरचा अनोळखी उजेड, एवढं झालं की पॉलिप अंग चोरून आत जातात. वसाहत चिकट स्राव सोडते आणि कित्येक दिवस नुसत्या दगडासारखी दिसते. काळजीपोटी अशा वेळी टाकीत भरपूर खाद्य ओतलं, तर नुकसानच होतं. न खाल्लेलं खाद्य कुजतं, अमोनिया वाढतो आणि आधीच दमलेल्या प्रवाळाला तेच पाणी बाधतं.

जाणते मत्स्यालयवाले आधी पाणी स्थिर करतात. मग दिवे मालवल्यावर गोठवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी, वितळवून तिचं नुसतं पाणी प्रवाळाजवळ थेंब थेंब सोडतात. काही मिनिटांनी पॉलिप फुगायला लागतात, शुंडकांची टोकं बाहेर डोकावतात. मग पंप बंद करायचा, ड्रॉपरने एखाद-दुसरा कण अलगद शुंडकावर ठेवायचा आणि मासे तो पळवणार नाहीत यावर लक्ष ठेवायचं.

नारिंगी सूर्यप्रवाळाच्या बाबतीत हा खटाटोप रोजचा असतो. त्याच्याजवळ शैवाल नाही, म्हणजे पोट सगळं शिकारीवर. नवखं सूर्यप्रवाळ मिटूनच राहतं. रोज ठरलेल्या वेळी वास दिला, की बऱ्याचदा काही दिवसांत ते त्या वेळेला उमलू लागतं.

वासाने हे का साधतं, याचं उत्तर गोड्या पाण्यात सापडलं. १९५५ मध्ये अमेरिकी संशोधक लूमिस यांनी जलव्यालावरचे, म्हणजे हायड्रावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दंशपेशीच्या काट्याने भक्ष्याला भोक पडतं आणि त्यातून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य पाझरतं. ते जाणवलं की जलव्याल तोंड उघडतो. पाण्यात भक्ष्य नसलं, नुसतं ग्लुटाथायोन असलं, तरीही उघडतो! १९६८ मध्ये मॅरिस्कल आणि लेनहॉफ यांनी हवाईच्या प्रवाळांतही असंच घडताना दाखवलं. तिथे ग्लुटाथायोनच्या जोडीला प्रोलीन हे अमिनो आम्लही काम करत होतं. वितळलेल्या आर्टेमियाच्या पाण्यात असतात ती अशीच द्रव्यं.

भारतात मात्र हा घरगुती छंद नाही. २००१ पासून सर्व कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ती समुद्रातून काढणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा. प्रवाळाला नव्या जागी रुजवण्याचा प्रश्न आपल्याकडे येतो तो वेगळ्या वाटेने. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात आलेले वरळी आणि हाजी अली इथले १८ प्रवाळ समूह २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवण्यात आले. मुंबईचं पाणी गढूळ, ऊन खोलवर पोचत नाही. अशा पाण्यातली काही प्रवाळं उजेडाची तूट खाऊन भरून काढतात.

खाण्यावर जीव कसा तगतो, हे २००६ मध्ये हवाईतल्या एका अभ्यासात दिसलं. उष्ण पाण्यामुळे शैवाल गमावून पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांपैकी एका जातीने शिकार इतकी वाढवली की रोजची ऊर्जेची सगळी गरज त्यातूनच भागली. सोबतच्या इतर जातींना ते जमलं नाही. समुद्र तापत असताना कोणतं प्रवाळ खाऊ शकतं आणि कोणतं नाही, हे कळणं म्हणूनच निकडीचं आहे.

पोखर्णीच्या शाळकरी मुलांना हा सगळा व्यवहार पाहायला समुद्र गाठायची गरज नाही. दहावीच्या विज्ञानात जलव्याल आणि प्रवाळ एकाच संघात शेजारी शेजारी आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी जलव्यालावर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या एका वाणाचं नावच ‘हायड्रा व्हल्गारिस इंड-पुणे’ असं आहे. हा प्राणी स्वच्छ, संथ पाण्यातल्या पाणवनस्पतींना चिकटून राहतो. तळ्यातल्या वनस्पतीचा तुकडा त्याच पाण्यासह काचेच्या बरणीत ठेवावा, हलवू नये. नशीब असेल तर काही वेळाने पानाखालून काही मिलिमीटर लांबीचा एक दोरा खाली लोंबतो आणि टोकाची शुंडकं पसरतो.

भिंग धरून पाहावं. डॅफ्नियासारखा बारीक जीव शुंडकाला घासतो आणि जागीच थबकतो. दंशपेशीचा काटा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून कमी वेळात सुटलेला असतो, तो काही दिसत नाही. दिसतं ते पुढचं. शुंडक वळतं, तोंड रुंदावतं आणि भक्ष्य सावकाश आत सरकतं. दोऱ्याची गाठोडी होते. मग बराच वेळ काहीच हलत नाही, आणि शेवटी त्याच तोंडातून डॅफ्नियाचं रिकामं, पारदर्शक कवच बाहेर येऊन बरणीच्या तळाशी जातं.