परमिट रूम : रबाळ्यातील एक सार्वजनिक बैठक

ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या जवळून धावणारा ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्ग यांनी नवी मुंबईतील रबाळ्याचे सरळ दोन भाग केले आहेत. पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्यापर्यंत पसरलेला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘एमआयडीसी’चा, कारखान्यांचा पट्टा आहे, तर पश्चिमेला गोठिवली, तळवली, घणसोली ही मूळची आगरी-कोळी गावठाणे, त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या सिडको या नगररचना महामंडळाच्या वसाहती आणि त्यांच्याही पलीकडे ठाण्याची खाडी आहे. या दोन जगांतील माणसे कामाबाहेर एकमेकांच्या समोर बसतात अशा जागा थोड्या असून, त्यांतील सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी अभ्यासली गेलेली जागा म्हणजे परमिट रूम, अर्थात परवानाधारक ग्राहकाला मद्य विकत घेऊन तेथेच बसून पिण्याची कायद्याने मुभा असलेली खोली.

इंग्लंडमध्ये गावोगावच्या पबांची पारख करणारे स्वतंत्र वाङ्मय आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये आपल्या कल्पनेतील आदर्श पबाचे गुण एका निबंधात एकेक करून सांगितले होते, आणि १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ही ग्राहकांची संघटना १९७४ पासून उत्तम पबांची मार्गदर्शिका काढत आली आहे. महाराष्ट्रात उपाहारगृहांवर, खाणावळींवर, इराण्यांच्या हॉटेलांवर आस्थेने लिहिले गेले. परमिट रूमच्या वाट्याला मात्र विनोद तरी आला किंवा पोलिसी बातमी तरी. लाखो माणसांची संध्याकाळ जेथे जाते त्या जागेची बरी-वाईट पारख करण्याची भाषाच तयार झाली नाही. याचे कारण समाजाच्या संकोचात जितके आहे तितकेच या संस्थेच्या जन्मकथेतही आहे, कारण मद्यपानाला उत्तेजन द्यावे म्हणून परमिट रूम निर्माण झालेली नाही. ती दारूबंदीच्या कायद्याचे अपत्य आहे.

ठाणे जिल्ह्याच्या या किनारपट्टीवर मद्यावरील सरकारी नियंत्रणाचा इतिहास त्याहूनही जुना आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीची झाडे आणि गावठी भट्ट्या करांच्या व मक्त्यांच्या चौकटीत आणल्या, आणि १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरही निर्बंध घातले. म्हणजे घरी आणि गावात होणारे जे पेय सणाचा व श्रमाचा भाग होते, ते सरकारी महसुलाची वस्तू बनले. पुढे काँग्रेसच्या चळवळीने या महसुलालाच विरोध केला. १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळातील डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्या पुढाकाराने मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला, आणि स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम संमत झाला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफ. एन. बलसारा यांच्या खटल्यात त्यातील काही तरतुदी रद्द केल्या, पण अधिनियमाचा गाभा कायम राहिला.

याच अधिनियमात परवान्याची कल्पना आहे. प्रकृतीच्या रक्षणासाठी ज्याला मद्याची गरज आहे अशा व्यक्तीला सरकारने वैयक्तिक परवाना द्यावा, ही ती तरतूद. १९६० च्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना दारूबंदी सैल करण्याचे धोरण स्वीकारले गेले तेव्हा अधिनियम मागे घेतला गेला नाही. परवाने मिळवणे तेवढे सोपे करण्यात आले. त्यामुळे आजही महाराष्ट्रात तत्त्वतः दारूबंदीच आहे आणि मद्य पिणारा प्रत्येक माणूस त्या बंदीला अपवाद आहे. एका दिवसाचा, एका वर्षाचा आणि आयुष्यभराचा असे परवान्याचे प्रकार असून बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयाची अट आहे. कारखान्यात दोन-चार वर्षे राबलेला बावीस वर्षांचा कामगार मित्रांसोबत बिअर घेऊ शकतो, पण रमचा पेला त्याला कायद्याने वर्ज्य आहे. टेबलावर परवान्याची विचारणा क्वचितच होते, ही गोष्ट सर्वज्ञात आहे.

बंदी आणि मुभा यांच्या या तडजोडीचा ठसा परमिट रूमच्या वास्तूवर उमटलेला दिसतो. मद्यपान परवानाधारकांपुरते आणि इतरांच्या नजरेआड व्हावे या अपेक्षेतून उपाहारगृहाच्या आत वेगळी खोली आली, काळ्या काचा आल्या, दाराशी आडोसा आला, दिवसाढवळ्याही मंद राहणारा उजेड आला. खोलीचा, साठ्याच्या कोठीचा आणि काउंटरचा नकाशा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर करून घ्यावा लागतो व भिंत हलवायची तर पुन्हा परवानगी लागते, त्यामुळे एकदा ठरलेली मांडणी वर्षानुवर्षे टिकते. बाहेरच्या बाजूला जेवणाचा साधा विभाग, आत परमिट रूम, जमल्यास पोटमाळ्यावर वातानुकूलित विभाग आणि कुटुंबासह येणाऱ्यांसाठी ‘फॅमिली रूम’ ही रचना रबाळ्यापासून रत्नागिरीपर्यंत सारखीच आढळते. शाळा किंवा प्रार्थनास्थळ यांपासून ७५ मीटरचे अंतर राखण्याचा नियम तिची जागा ठरवतो. फलकालाही कायदा आहे: २०२२ च्या दुरुस्तीनुसार दुकानाचे नाव देवनागरीत, अन्य लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहावे लागते, आणि मद्यविक्री होते तेथे महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत. ही शेवटची अट योग्यच म्हणावी लागेल.

नवी मुंबईत परमिट रूम एवढ्या का वाढल्या, याचे उत्तर परवान्यांच्या प्रकारांत दडलेले आहे. बंद बाटली विकणारे ‘वाइन शॉप’ आणि ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ या दोन्ही प्रकारांचे नवे परवाने महाराष्ट्रात १९७० च्या दशकाच्या आरंभापासून दिले गेले नाहीत. जुना परवाना विकत घेऊन स्थलांतरित करणे एवढाच मार्ग उरला. उपाहारगृहाला मिळणारा, ‘एफएल-३’ या नावाने ओळखला जाणारा परमिट रूमचा परवाना मात्र खुला राहिला. सिडकोची स्थापनाच १९७० ची आणि नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९९२ पासूनचा, म्हणजे हे शहर वसले तेच दुकानांचे परवाने गोठल्यानंतर. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात रसायने, औषधे, यंत्रसामग्री यांचे कारखाने वाढत गेले, २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू होऊन रबाळे स्थानक मिळाले, आणि नव्या वस्तीची मद्याची मागणी मुख्यतः परमिट रूमनेच भागवली.

ती चालवणाऱ्यांत मोठा वाटा दक्षिण कन्नड आणि उडुपी भागांतून आलेल्या शेट्टी मंडळींचा आहे. उपाहारगृहात पोऱ्या म्हणून लागणे, मग वेटर, मग गल्ल्यावर विश्वासाची जागा आणि अखेर भागीदारीत स्वतःचे हॉटेल, हा प्रवास या समाजातील अनेकांनी केला आणि गावाकडच्या मुलांना आणून तीच वाट दाखवली. शहर व उद्योगांसाठी जमिनी संपादित झाल्यानंतर उरलेल्या गावठाणातील गाळ्यांची मालकी स्थानिक भूमिपुत्रांकडे, धंद्याची घडी शेट्टींकडे आणि स्वयंपाकघर नेपाळ, उत्तराखंड, बंगाल येथून आलेल्या आचाऱ्यांकडे, असा जो मेळ ठाणे-बेलापूर पट्ट्यात जागोजागी दिसतो, त्यातूनच तेथील खाद्यपत्रिका तयार झाली आहे. तिच्यात मंगळुरी पद्धतीचा रवा लावलेला बांगडा, आगरी वाटणातली कोळंबी, चिंबोरीचा रस्सा, तंदुरी कोंबडी आणि शेजवान भात हे एकाच पानावर नांदतात. या पत्रिकेला संकरित म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ताज्या बोंबलाची कुरकुरीत तळलेली तुकडी तांदळाच्या भाकरीबरोबर एकदा तरी खाऊन पाहावी.

उत्तम परमिट रूम कशी ओळखावी, याचे काही निकष रबाळ्यासारख्या ठिकाणी नियमित जाणाऱ्यांच्या व्यवहारातूनच हाती लागतात. पहिला निकष मापाचा आहे. तीस मिलिलिटरचा ‘स्मॉल’ आणि साठचा ‘लार्ज’ ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मापाने ओतला जातो की आतून भरून येतो, यावर त्या जागेची पत ठरते. म्हणूनच कामगारवर्गात ‘क्वार्टर सिस्टिम’ लोकप्रिय आहे, जिच्यात १८० मिलिलिटरची सीलबंद बाटली टेबलावर आणून ग्राहकासमोरच फोडली जाते आणि भेसळीची वा कमी मापाची शंकाच उरत नाही. दुसरा निकष चखण्याचा, म्हणजे मद्यासोबत येणाऱ्या तोंडी लावण्याचा. उकडलेले शेंगदाणे, भिजवलेले चणे, काकडी, मसाला पापड या साध्या वस्तूंमध्ये स्वयंपाकघराचा प्रामाणिकपणा चटकन कळतो, कारण शिळा दाणा मसाल्याखाली लपत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष वेटरचा. कोणाला सोडा लागतो, कोणाला साधे पाणी, कोणाचे जेवण कधी लावायचे हे त्याला ठाऊक असते, आणि कोणाला आता पुरे म्हणायचे हेही. तिसऱ्या लार्जनंतर न विचारता भात-डाळ आणून ठेवणारा वेटर बिलाचे नुकसान सोसून माणसाला शाबूत घरी पाठवतो. अशा वेटरमुळे जागेला जे मोल येते ते सजावटीने येत नाही.

वेळेचे भान ठेवणेही आवश्यक आहे. पहिली पाळी सुटल्यानंतरची दुपार शांत असते व तेव्हा एकटा बसणारा, वर्तमानपत्र वाचणारा ग्राहक दिसतो. संध्याकाळी रेल्वेच्या गर्दीबरोबर टेबले भरतात, आणि पगाराच्या आठवड्यात उभे राहायलाही जागा नसते. आषाढ अमावास्येला, जिला लोकव्यवहारात गटारी म्हणतात, मोठी गर्दी होते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागताच निम्मी टेबले रिकामी पडतात. गांधी जयंतीला आणि मतदानाच्या काळात ‘ड्राय डे’, म्हणजे विक्रीबंदीचे दिवस, पाळले जातात.

या परिचयात देशी दारूच्या दुकानाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. साखर कारखान्यांच्या मळीपासून बनलेल्या मद्यार्काला संत्र्या-मोसंबीचा स्वाद देऊन तयार होणारी ही दारू १९७३ च्या नियमांखाली विकली जाते. बाकडे असले तर असले, नाहीतर उभ्यानेच पेला रिकामा करून माणूस चालू लागतो. नाक्यावरच्या मजुराला ना पंखा मिळतो, ना चखणा, ना त्याला ओळखणारा वेटर. आणि त्याच्याही खाली बेकायदा हातभट्टी आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल, म्हणजे डोळे व मज्जासंस्था नष्ट करणारा औद्योगिक मद्यार्क, मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसे मेली, आणि ती बहुतेक सारी हातावर पोट असलेली होती. दारू घरात काय करते हे बायकांनी सोसलेले आहे. म्हणून शासनाने त्यांच्या हाती मतपेटी दिली. प्रभागातील वा गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास मतदान होते, मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडल्यास दुकान बंद होते. परमिट रूमची बाजू घेणाऱ्यानेही हा हक्क निःसंकोचपणे मान्य केला पाहिजे, कारण नीट चालवलेल्या जागेला शेजारणींच्या मताचे भय नसते.

गेल्या काही वर्षांत या संस्थेवर नवे ताण आले आहेत. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने एप्रिल २०१७ पासून राज्यभरातील असंख्य परमिट रूम बंद झाल्या, आणि शहरांच्या हद्दीतील रस्त्यांबाबत न्यायालयाने त्याच वर्षी खुलासा केल्यावरच त्यांतील अनेक पुन्हा उघडल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधील मद्यावरचा मूल्यवर्धित कर पाचवरून दहा टक्क्यांवर गेला. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिप्पटीवरून साडेचारपट करण्यात आले, आणि १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील बार व परमिट रूम यांनी एक दिवस बंद पाळला. नव्या दरांनुसार १८० मिलिलिटरच्या देशी दारूची किमान किरकोळ किंमत ८० रुपये, धान्यापासून राज्यातच बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाची १४८ रुपये आणि विदेशी मद्याची २०५ रुपये झाली. या आकड्यांवर परमिट रूमचा भाडे-पगाराचा खर्च आणि कर चढतो. ऐरोली-घणसोलीच्या संगणक उद्योगात काम करणाऱ्याला तो फरक फारसा जाणवत नाही, आणि त्याच्यासाठी नव्या धाटणीचे, काचा उघड्या असलेले, स्वतःची बिअर गाळणारे पब शहरात निघालेही आहेत. पण रबाळ्याच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या माणसाला आता टेबलावरची क्वार्टर आणि देशीच्या काउंटरवरचा पेला यांतून निवड करावी लागते. तो दुसरीकडे वळला तर मापाने ओतलेला पेला, सोबतचे जेवण आणि थांबवणारा वेटर हे तिन्ही त्याच्या संध्याकाळमधून जातील, आणि महसुलाचा हिशेब मांडताना या नुकसानीची नोंद कोणत्याच रकान्यात होणार नाही.