साडेसाती आणि हातांतली कला

ज्या घरांत शनिवारीं ‘शनिमाहात्म्या’ची पोथी वाचली जाते, त्या घरांतील मुलाबाळांनाही विक्रमराजाची कथा पाठ असते. शनीची अवकृपा झाली आणि उज्जयिनीचा हा राजा परक्या नगरांत एका व्यापाऱ्याच्या घरीं येऊन पडला. तेथें भिंतीवर चितारलेल्या हंसानें मोत्यांचा हार गिळला, चोरीचा आळ राजावर आला, त्याचे हातपाय तोडण्यांत आले, आणि शेवटीं तो एका तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हांकूं लागला. कथेचा हा भाग ऐकतांना श्रोत्यांच्या अंगावर कांटा उभा राहतो. परंतु त्यापुढील भाग फारसा कोणी मनांत घोळवीत नाहीं. घाण्यावर बसलेला तो पंगु राजा गाऊं लागतो. त्यानें दीपराग आळविला आणि नगरांत दिवे पेटले, असें पोथी सांगते. त्या क्षणीं राजाचे हातपाय त्याला परत मिळालेले नव्हते. ग्रह पालटलेला नव्हता. राज्य गेलें होतें, कला मात्र गेलेली नव्हती.

साडेसातीच्या काळांत ज्यांचें मन काळजीनें पोखरून निघतें, त्यांना या कथेंतील एवढीच गोष्ट उपयोगी पडण्यासारखी आहे. ग्रहाची गति कोणाच्या हातीं नाहीं. पण हातांना काम देणें हें प्रत्येकाच्या हातीं आहे. आणि त्या कामानें ग्रह हलत नसला, तरी मनावरचें ओझें पुष्कळ हलकें होतें.

प्रथम साडेसाती म्हणजे काय, हें नीट पाहिलें पाहिजे. शनीला सूर्याभोंवतीं एक प्रदक्षिणा करण्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. राशी बारा; तेव्हां एका राशींत तो सरासरीनें अडीच वर्षें राहतो. जन्मकाळीं चंद्र ज्या राशींत असेल, तिच्या मागील राशींत शनि आला म्हणजे साडेसाती लागली असें मानतात, आणि तो जन्मराशींतून जाऊन पुढील राशीही ओलांडीपर्यंत ती राहते. अडीच त्रिक साडेसात, असा हा साधा हिशेब आहे. २९ मार्च २०२५ रोजीं दृक्‌पंचांगाप्रमाणें शनि मीन राशींत गेला. त्या दिवशीं मकर राशीच्या लोकांनीं सुटकेचा श्वास टाकला आणि मेष राशीच्या लोकांनीं पंचांग उघडलें. मध्यंतरीं दरवर्षीं सुमारें साडेचार महिने शनि वक्री होतो, म्हणजे मागें चालल्यासारखा दिसतो. वास्तविक तो मागें जात नाहीं. अधिक वेगानें फिरणारी पृथ्वी त्याच्या जवळून पुढें निघून जाते म्हणून तसा भास होतो.

या हिशेबांतून एक गोष्ट सहज निघते, पण ती क्वचितच कोणी सांगतो. बारांपैकीं तीन राशींना साडेसाती नेहमींच चालू असते. म्हणजे कोणत्याही क्षणीं जगांतील सुमारें एक चतुर्थांश माणसें साडेसातींत असतात. त्यांत लग्न होणारे असतात, परीक्षेंत पहिले येणारे असतात, आणि नुसते सुखानें जेवून झोपणारेही असतात. जन्मपत्रिकेच्या भाकितांची कसोटी पुण्यांत २००८ सालीं घेण्यांत आली होती. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनीं हुशार विद्यार्थ्यांच्या १०० व बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या १०० पत्रिका जमविल्या आणि ज्योतिषांना त्या ओळखावयास सांगितलें. २७ ज्योतिषांनीं प्रत्येकीं ४० पत्रिकांचीं उत्तरें पाठविलीं. सर्वांत चांगलें उत्तर ४० पैकीं २४ चें होतें आणि सरासरी निम्म्याहूनही कमी होती. नाणें उडवून याहून वाईट उत्तर आलें नसतें. ही कसोटी साडेसातीची नव्हती हें खरें. पण पत्रिकेवर किती विसंबावें, याचा अंदाज तिच्यावरून येतो.

मात्र एवढें सांगून भागत नाहीं. ग्रहाचें फळ खोटें असेल; ग्रहाची भीति खरी असते. १९६२ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभीं सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र व शनि हे सात ग्रह केतूसह मकर राशींत एकत्र आले. अष्टग्रहीच्या त्या दिवसांत देशभर यज्ञ पेटले, जपजाप्य झालें, आणि जगबुडी होणार म्हणून लाखों लोक धास्तावून बसले. ते दिवस आले तसे गेले. पृथ्वी बुडाली नाहीं. पण तोंवर ज्यांनीं रात्री जागून काढल्या, त्यांच्या त्या रात्री कांहीं खोट्या नव्हत्या. साडेसातीचेंही असेंच आहे. नोकरी करणारा गृहस्थ बदलीचा हुकूम आला कीं शनीकडे पाहतो. आई मुलाचा ताप उतरेना म्हणजे पत्रिका काढते. ठरलेलें लग्न पुढें ढकललें जातें, आवश्यक शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, आणि नीलमाच्या अंगठीसाठीं कर्ज काढलें जातें. अशा माणसास ‘सगळें थोतांड आहे’ असें बजावून त्याची भीति जात नाहीं. उलट तो ती लपवूं लागतो, आणि लपविलेली भीति अधिकच वाढते.

या भीतीचें घटक दोन आहेत. एक म्हणजे तिला ठरावीक आकार नसतो. ‘कांहीं तरी वाईट होईल’ एवढेंच तिचें म्हणणें असतें. दुसरा घटक असा कीं, तिच्यापुढें माणसाला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. साडेसात वर्षें नुसती वाट पाहावयाची असते. आकार नसलेली भीति आणि रिकामे हात यांची गांठ पडली म्हणजे मन घाण्याच्या बैलासारखें त्याच त्या वाटेनें फिरूं लागतें. चित्र, रांगोळी, मातीकाम हीं साधनें नेमकीं या दोन ठिकाणीं उपयोगी पडतात. त्यांत डोळा आणि बोटें एका जागीं गुंततात, श्वास संथ होतो, आणि थोड्या वेळानें समोर कांहीं तरी पूर्ण झालेलें दिसतें. भीतीला न मिळालेला शेवट या लहानशा कामाला मिळतो.

हा विचार जुनाच आहे. पण त्याला शास्त्राची जोड अलीकडे मिळाली. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ सालीं क्षयानें आजारी पडून एका आरोग्यधामांत होता. अंथरुणावर पडल्यापडल्या तो चित्रें काढूं लागला, त्यानें आपलें मन सांवरतें असें त्याला आढळलें, आणि मग तो इतर रोग्यांनाही चित्रें काढावयास लावूं लागला. कलेनें उपचार करण्याच्या या पद्धतीला इंग्रजींत रूढ झालेलें नांव त्यानेंच १९४२ सालीं दिलें. त्याहीपूर्वीं, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग हा रोज सकाळीं वहींत एक लहानसें वर्तुळाकार चित्र काढीत असे. त्या दिवशींची मनाची अवस्था त्या वर्तुळांत उमटते असें त्याला दिसून आलें. त्या आकृतीस त्यानें पुढें आपल्याकडील संस्कृत शब्द लावला : मंडल.

सन २००५ मध्यें अमेरिकेंत करी आणि कॅसर या संशोधकांनीं ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रथम त्यांना आपल्या आयुष्यांतील भीतीचा प्रसंग आठवून लिहावयास सांगितलें, म्हणजे चिंता जागी झाली. नंतर कांहींना रंगविण्यासाठीं मंडल दिलें, कांहींना चौकड्यांची नक्षी दिली, आणि कांहींना नुसता कोरा कागद दिला. मंडल व चौकडी रंगविणारांची चिंता कोरा कागद मिळालेल्यांपेक्षां अधिक उतरली. पुढें २०१६ सालीं गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३९ प्रौढांना पाऊण तास माती, रंग व कागदाचे तुकडे देऊन हवें तें करूं दिलें. सुमारें तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेंतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाबरोबर शरीरांत वाढणारें द्रव्य, त्या वेळांत कमी झालें; आणि हात सरावलेला असो वा नसो, त्यानें फारसा फरक पडला नाहीं. हे प्रयोग लहान आहेत, आणि त्यांवरून मोठे सिद्धांत बांधणें शहाणपणाचें नाहीं. तथापि दोन गोष्टी व्यवहारांत घेण्यासारख्या आहेत. घाबरलेल्या मनापुढें कोरा कागद टाकूं नये, त्याला कांहीं तरी आखणी द्यावी. आणि चित्रकला येत नाहीं ही सबब येथें चालत नाहीं.

आखणी दिलेली कला मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. गेरूनें सारवलेली वीतभर जागा, नाहीं तर नुसता पाट, आणि शिरगोळ्याची पांढरी पूड एवढें साहित्य पुरें. आरंभीं पांच ओळी पांच ठिपक्यांच्या घ्याव्यात. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींतून पूड सोडतांना हात घाईंत असेल तर रेघ तुटते, आणि मन दुसरीकडे गेलें कीं ठिपका चुकतो. म्हणजे मन भटकल्याची खूण रांगोळीच देते. चुकलेला ठिपका पुसून पुन्हा घालावा, इतकेंच. चैत्रांत गौरीपुढें चैत्रांगण काढतात, त्यांत शंख, चक्र, कमळ, गोपद्मांबरोबर सूर्यचंद्रही असतात. जे सूर्यचंद्र कुंडलींत बसून माणसाला भिववितात, तेच येथें घरच्या सुनेच्या चिमटींतून अंगणांत उतरतात.

दुसरा अभ्यास वर्तुळाचा. कागदावर ताटली उपडी ठेवून कडेनें पेन्सिल फिरवावी, मध्यबिंदु घ्यावा, आणि तेथून बाहेर पाकळ्या, त्रिकोण, लाटा असें जें सुचेल तें रचीत जावें. वीस मिनिटें झालीं कीं थांबावें व मागें तारीख घालावी. तिसरा अभ्यास थोडा धीराचा आहे. ज्या गोष्टीची भीति वाटते, ती एका लहान चौकटींत काढावी : नोकरी जाण्याची असेल तर बंद दार, आजाराची असेल तर खाट. आकृति ओबडधोबड असली तरी चालेल. मग शेजारच्या मोठ्या चौकटींत आपल्याला त्याबाबत करतां येण्यासारख्या गोष्टी काढाव्यात : डॉक्टरांकडे जाणारी वाट, शिलकेचें पुस्तक, मदतीला येणारा भाऊ. ‘कांहीं तरी’ला अशा रीतीनें आकार आला म्हणजे तें पूर्वींइतकें मोठें उरत नाहीं. हा अभ्यास करतांना घाबरेपणा वाढूं लागला, तर तो सोडून पुन्हा ठिपक्यांकडे वळावें. ज्यांची दृष्टि अधू आहे किंवा ज्यांना रेघांचा कंटाळा आहे, त्यांनीं शाडूच्या मातीचा गोळा घेऊन तिच्या पणत्या कराव्यात. मळण्यानेंच अर्धें काम होतें.

येथें एक सावधगिरी अवश्य पाळावी. या अभ्यासाला शनिशांतीचें नवें कर्मकांड होऊं देऊं नये. शनीचा म्हणून काळा किंवा निळाच रंग वापरावा, शनिवारींच बसावें, इतक्याच आकृति काढाव्यात, असे नियम कोणी सांगूं लागला तर ते मानूं नयेत. ज्या उपायांत एक दिवस चुकला तर अनिष्ट होतें, तो उपाय भीति घालवीत नाहीं, तिला नवें घर बांधून देतो. रांगोळी चुकली तर शनि रागावत नाहीं, आणि साधली म्हणून प्रसन्नही होत नाहीं. ती केवळ माणसासाठीं आहे. ज्यांना शनिवारीं मारुतीला तेल वाहिल्यानें बरें वाटतें, त्यांनीं तें खुशाल वाहावें; रांगोळीचें त्याच्याशीं भांडण नाहीं.

कलेची मर्यादाही ओळखली पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, छातींत सारखी धडधड होत असेल, अथवा जगणें नकोसें वाटूं लागलें असेल, तर तें साडेसातीच्या माथीं मारून स्वस्थ बसूं नये आणि नुसत्या चित्रांवरही विसंबूं नये. अशा वेळीं डॉक्टरांना गांठलें पाहिजे. भारत सरकारनें २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा दूरध्वनि-क्रमांक १४४१६ असा आहे.

साडेसात वर्षें म्हणजे सुमारें २७४० दिवस. एकत्र पाहिले तर ते डोंगरासारखे वाटतात, आणि भीति ते नेहमीं एकत्रच दाखविते. रांगोळी मात्र त्यांतला एकच दिवस समोर ठेवते. सकाळीं ठिपके मांडले, रेघा जुळल्या, आकृति पुरी झाली. संध्याकाळपर्यंत ती पावलांनीं, वाऱ्यानें विसकटते आणि दुसऱ्या दिवशीं कुंच्यानें झाडली जाते. ती पुसली म्हणून कोणी रडत नाहीं, कारण उद्यां जागा मोकळी हवी असते. शनि आपल्या संथ गतीनें राशी ओलांडीत असतो. इकडे उंबऱ्याशीं एक नवा ठिपका पडतो, आणि त्याच्या शेजारीं दुसरा.