उन्हात झाड, विजेत घर

एप्रिल २०२३. अकोला जिल्ह्यातल्या पारस इथं ९ तारखेच्या संध्याकाळी वादळात कडुनिंबाचं जुनं झाड मंदिराच्या टिनाच्या शेडवर कोसळलं; ७ भाविक दगावले. आठवडाभरानं, १६ तारखेला, खारघरच्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उष्माघातानं बळी घेतला. जागा वेगळ्या, बातम्याही वेगळ्या. पण ऊन आणि वळीव ही एकाच ऋतूची दोन रूपं आहेत.

विदर्भात उन्हाळ्यात वायव्येकडून कोरडे, कढत वारे येतात. समुद्र दूर, जमीन भेगाळलेली. नागपूरचा पारा मे २०१३मध्ये ४७.९ अंशांवर गेला होता. अशा तापल्या भूमीवर बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प येऊन पोहोचलं, की दुपारनंतर दमट हवा झपाट्यानं वर चढते. ढग १२ ते १५ किलोमीटरपर्यंत वाढतात. त्यांच्या पोटात गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आदळून विद्युतभार साठतो. पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेत विरतात, तेव्हा ती हवा गार आणि जड होऊन जमिनीवर आपटते. वळवाच्या सरीआधी धुळीचा लोट येतो तो यामुळेच. पत्रे, झाडं, फलक उडतात ते बहुधा याच वेळी.

किनाऱ्यावरचं गणित निराळं. हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश कमाल तापमान धरतो, तर किनारपट्टीवर ३७. त्यासोबत पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेला हवा. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. म्हणून चाळिशीच्या आतलं ऊनही जीवघेणं ठरतं.

खरी पंचाईत शेतमजुराची. भर दुपारी वावरातलं झाड हा त्याचा एकमेव आसरा. तीन-चार वाजता ढग गडगडू लागले, की तेच झाड सर्वांत धोक्याचं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली मोटार गाठावी. टिनाचं उघडं शेड त्यात मोडत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. श्वास थांबला असेल तर त्याच्या छातीवर लगेच दाब देणं सुरू करावं. उष्माघातात माणूस बरळू लागला, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

उन्हाळी नियोजन बहुतेक ठिकाणी पाणपोई आणि कामाच्या बदललेल्या वेळा यांपाशी थांबतं. दुपारनंतरच्या आभाळाचा विचार त्यात हवा: शिवारापासून चालत गाठता येईल असा पक्का निवारा कुठं आहे, आणि ढग दाटल्यावर मजुरांना काम सोडून निघायला सांगणार कोण, हे ग्रामपंचायतीनं मार्चमध्येच ठरवायला हवं.