सतरा वर्षांचा जमाखर्च

सरकारची स्तुती करणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे, असे आम्ही मानीत आलो आहो. परंतु खोट्या हिशेबावर मुकाट्याने सही करणे हेही त्याचे काम नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सतरा वर्षांत, म्हणजे १९४७ पासून १९६४ पर्यंत, पंडित नेहरूंच्या सरकारने देशाचे काही एक भले केले नाही, असे म्हणण्याची रीत अलीकडे सुशिक्षितांतही पडली आहे. दिवाणखान्यातील गप्पांत हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की, त्याला पुरावा मागणे हेच असभ्यपणाचे ठरावे. तो असभ्यपणा आज आम्ही करणार आहो.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नसरापूर-कापूरहोळच्या परिसरात, भोर तालुक्यातील कामथडी हे गाव आहे. मोटारीतून जाणाऱ्या पुणेकराला ते दिसते न दिसते तोच मागे पडते. या आसपासचा बराच मुलूख १९४७ साली भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर भोरही मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानिक चांगले होते की वाईट, हा प्रश्न येथे गौण आहे. राज्यकर्ता बदलण्याचा अधिकार प्रजेला नव्हता, हा मुद्दा आहे. तो अधिकार १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील कुणब्याला आणि त्याच्या बायकोला एकाच वेळी, एकाच किमतीचा मिळाला. साडेपाचशेहून अधिक संस्थाने देशात सामावून घेणे आणि सतरा कोटींवर मतदारांना, त्यांतले बहुसंख्य निरक्षर असताना, मताचा हक्क देणे ही कामे आज सोपी वाटतात; कारण ती झालेली आहेत.

हे सरकार एका पक्षापुरते सुरू झाले नव्हते, हेही विसरता कामा नये. १५ ऑगस्ट १९४७ च्या मंत्रिमंडळात सरदार पटेल व पुण्याचे काकासाहेब गाडगीळ होते, तसेच काँग्रेसबाहेरचे डॉ. आंबेडकर, श्यामाप्रसाद मुखर्जी आणि षण्मुखम् चेट्टी हेही होते.

या सरकारला वारसा काय मिळाला? बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लक्ष माणसे मेल्याला चारच वर्षे झाली होती. फाळणीने पाऊण कोटीच्या आसपास निर्वासित दाराशी आणून उभे केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दरडोई उत्पन्न जवळजवळ जागच्या जागी राहिले होते, आणि सरासरी आयुर्मान सुमारे बत्तीस वर्षांचे होते.

आता पुढील बाजू पाहू. धान्याचे उत्पादन १९५०-५१ मध्ये सुमारे ५ कोटी १० लक्ष टन होते, ते १९६०-६१ मध्ये ८ कोटी २० लक्ष टनांवर गेले. राष्ट्रीय उत्पन्न दरसाल सुमारे चार टक्क्यांनी वाढू लागले. साक्षरता १९५१ च्या जनगणनेत अठरा टक्के होती, १९६१ च्या जनगणनेत ती अठ्ठावीस टक्के झाली, आणि सरासरी आयुर्मान चाळिशीपलीकडे गेले. हिवतापाने दरसाल साडेसात कोटी लोक आजारी पडत व आठ लक्ष मरत. १९५३ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली, घरोघर डीडीटीची फवारणी झाली, आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या घरात उतरली. पुढे सत्तरीच्या दशकात हा रोग उलटला, हे खरे. पण त्याचा दोष आधीच्या कष्टांवर टाकता येत नाही. पुण्याच्या वाचकाला तर दूर जाण्याचेही कारण नाही. १९५० साली उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पुढे पिंपरीस पेनिसिलीन तयार करू लागलेला सरकारी कारखाना ही त्याच काळची कामे होत.

संरक्षणाच्या प्रश्नावर आम्ही पळवाट काढणार नाही. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनपुढे झालेला पराभव हा या सरकारचा सर्वांत मोठा दोष होता. इशारे मिळाले होते, ते मानले गेले नाहीत. जवानांना थंडीचे कपडेही पुरेसे नव्हते. परंतु १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या खोऱ्यातून आक्रमकांना मागे रेटणारे, १९६१ साली गोवा मुक्त करणारे आणि खडकवासल्यास तिन्ही सेनादलांची प्रबोधिनी उभारणारे सरकारही हेच होते. पराभवानंतर यशवंतराव चव्हाणांच्या हाती संरक्षण खाते आले, सैन्याची नवी उभारणी सुरू झाली, आणि १९६५ च्या युद्धात तिचा उपयोग झाला.

खर्चाची बाजूही लहान नाही. प्राथमिक शिक्षणाला जे मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. परवान्यांच्या जंजाळाने उद्योगी माणसाची उमेद खच्ची केली. अवजड कारखान्यांकडे लक्ष गेले तेव्हा शेती मागे पडली, आणि १९५६ पासून अमेरिकेच्या गव्हावर विसंबण्याची पाळी आली. भोर-वेल्ह्याच्या लोकांना तर आणखी एक तक्रार करता येईल, आणि ती वाजवी आहे. इंग्रजांनी १९२७ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या भाटघर धरणाने जमिनी बुडाल्या येथल्या, आणि पाणी गेले खाली बारामती-फलटणकडे. हा न्याय स्वराज्यातही फारसा पालटला नाही. वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे बुडाले. हे काम राज्य सरकारचे होते. पण काम पुरे होण्याआधी पाणी साठविण्याची घाई ही त्या काळच्या एकूण राज्यकारभाराला जडलेली खोड होती.

हे सारे खर्ची टाकूनही जमेची बाजू जड राहते, असे आमचे मत आहे. वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले. उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट कळली: मुलाचे गुण पहिल्या मुलाशी ताडून पाहणे सोपे असते, त्याच्या स्वतःच्या मागच्या गुणांशी ताडून पाहणे न्यायाचे असते. शून्याजवळून निघालेल्या मुलाने अर्धी मजल मारली, तर त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘काहीच केले नाही’ असा शेरा कोणी प्रामाणिक शिक्षक लिहिणार नाही. उरलेली अर्धी मजल का राहिली, हे मात्र तो ठणकावून विचारील.

वाचकांजवळ आमचे मागणे एवढेच आहे की, हीच फूटपट्टी प्रत्येक सरकारला लावावी, आजच्याही. काय हाती घेतले, काय मागे ठेवले आणि मधल्या काळात माणसे किती जगली, शिकली, निर्धास्त झाली, हे तीन प्रश्न विचारावेत. पूर्वजांचे खाते कोरे दाखविल्याने आपल्या खात्यात एक पैही वाढत नसते.